टर्बोवाल्या होमबिल्ट विमानाचा एक्झॉस्ट: बनवताना, बसवताना आणि तपासताना काय बघायचं

साध्या इंजिनाच्या एक्झॉस्टला तडा गेला की आवाज बदलतो, काउलिंगला (इंजिनावरच्या आवरणाला) आतून काळं लागतं, वास येतो, आणि बहुतेक वेळा माणूस विमान घेऊन सुखरूप उतरतो. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या गॅसने टर्बाईन फिरवून इंजिनात जास्त हवा दाबणारं यंत्र, असेल तर हा हिशोब धरू नका. टर्बाईनच्या आधीचा सगळा पाईप प्रेशरखाली असतो, आतला गॅस ८०० ते ९०० अंश सेल्सियसचा, आणि तडा गेला की तो झोत एकाच जागी सतत मारत राहतो. समोर अॅल्युमिनियमचा ब्रॅकेट असेल तर अॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, फ्युएल होज असेल तर पुढचं सांगायला नको. म्हणून हा लेख लांब आहे, आणि काही ठिकाणी मी तेच तेच बोलतोय असं वाटेल, पण ते मुद्दाम आहे.

मी बडोद्याचा, मकरपुरा जीआयडीसीत स्टेनलेसच्या फॅब्रिकेशनमधे काम करत आलोय, प्रेशर व्हेसल, हीट एक्स्चेंजर, केमिकल प्लांटचं पायपिंग वगैरे. होमबिल्टवाल्यांचे, म्हणजे स्वतः विमान बांधणाऱ्यांचे, एक्झॉस्ट हातात आले ते त्याच ओळखीतून. तुम्ही पुण्याला बांधत असाल नाहीतर टेक्सासला, धातू तसाच वागतो. फक्त परमिट, इन्स्पेक्शन आणि उडायची परवानगी हा विषय आपापल्या देशाच्या अथॉरिटीकडून आधी क्लिअर करा, त्याबद्दल इथे बोलत नाही.

आधी कागद: कोण कोणाबरोबर हलतं

माझं मत ठाम आहे की बरेचसे तडे पाईपला वाढायला जागा न ठेवल्यामुळे आणि वजन नको तिथे टांगल्यामुळे जातात, नुसत्या उष्णतेवर खापर फोडून चालत नाही. ३२१ ग्रेडच्या स्टेनलेसचा अर्धा मीटर पाईप ७०० अंशांनी तापला की सहा मिलीमीटरपेक्षा जास्त वाढतो. ही वाढ कोणी थांबवू शकत नाही, ती कुठेतरी जाणारच, तुम्ही जागा दिली नाही तर ती वेल्डच्या कडेला जाऊन बसते आणि तिथे तडा पडतो.

म्हणून पाईप कापायच्या आधी एक कागद घ्या आणि इंजिन, इंजिन माउंट, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली आग अडवणारी भिंत), काउलिंग असे चार रकाने करा. इंजिन रबर माउंटवर असतं, स्टार्ट आणि बंद करताना ते चांगलंच हलतं, फायरवॉल मात्र जागची हलत नाही. आता टर्बो, वेस्टगेट (जादा गॅस टर्बाईनला वळसा घालून सोडणारी झडप), टेलपाईप (टर्बोच्या मागचा शेवटचा पाईप), इंटरकूलरचे (दाबलेली हवा थंड करणारा) पाईप, ऑइलच्या लाइन, एकेक वस्तू कुठल्या रकान्यात बसते ते लिहा. हेडर (सिलिंडरपासून टर्बोपर्यंतचा पाईप) इंजिनवर, टर्बो माउंटच्या ट्यूबवर आणि टेलपाईपचा हँगर फायरवॉलवर असं दिसलं तर तिथेच थांबा, तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींना ओढणार आहेत आणि मधला पाईप मार खाणार आहे. सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे टर्बो आणि टेलपाईप दोन्ही इंजिनवरच टांगायचे, म्हणजे सगळं एकत्र हलतं. टर्बो माउंटवर ठेवणं भागच असेल तर हेडर आणि टर्बोच्या मधे बेलोज (घड्यांची लवचिक नळी) किंवा योग्य जॉइंट हवाच.

टर्बोचं वजन हेडर पाईपवर टाकू नका. कास्टिंगचं ते धूड लाल तापलेल्या पातळ पाईपवर लोंबकळत ठेवायचं आणि वर व्हायब्रेशन द्यायचं हे चालणार नाही. त्याला स्वतःचा ब्रॅकेट द्या, पण ब्रॅकेटलासुद्धा एका दिशेने सरकायची सोय ठेवा, लांबट होल किंवा हलणारी लिंक, कारण टर्बोपण तापून वाढतो.

वाढ सांभाळायला मुख्य तीन पर्याय, स्लिप जॉइंट, स्प्रिंगवाला बॉल जॉइंट आणि बेलोज. स्लिप जॉइंट सोपा आहे पण थोडा गळतो, आणि टर्बाईनच्या आधी गळणं म्हणजे बूस्टची एनर्जी बाहेर टाकणं. शिवाय तो जाम झाला की नुसता पाईपच झाला. बॉल जॉइंटच्या स्प्रिंगमधून स्टेनलेसची सेफ्टी वायर ओवून ठेवा, स्प्रिंग तुटली तरी तुकडा प्रॉपकडे (प्रोपेलरकडे) किंवा बेल्टमधे जायला नको. बेलोज पिळवटला की लवकर मरतो, त्याने वाकावं, दबावं, पण पीळ बसता कामा नये, ही गोष्ट आमच्या प्लांट पायपिंगमधेही नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतात.

कंपनीने इंजिनबरोबर दिलेला एक्झॉस्ट असेल, म्हणजे रोटॅक्स ९१४ सारखं, तर तो काउलिंगमधे बसत नाही म्हणून कापाकापी करू नका. त्यात टर्बो कंट्रोल युनिट वेस्टगेट चालवतं आणि सगळं त्याच एक्झॉस्टवर ट्यून केलेलं असतं. काउलिंग बदला.

मटेरियल: बिलावर विश्वास नको

३०४ मिळतं सगळीकडे, आणि साध्या इंजिनावर बऱ्याच लोकांनी वापरलंय. टर्बोसाठी मी ३२१ च्या खाली जाणार नाही. कारण असं की साधारण ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात ३०४ मधला कार्बन क्रोमियमला पकडून ग्रेन बाउंडरीवर जाऊन बसतो, तिथली ताकद आणि गंजरोधकपणा दोन्ही जातं, आणि एक्झॉस्टचं सगळं आयुष्य नेमकं त्याच पट्ट्यात जातं. ३२१ मधे टायटेनियम असतं, ते कार्बनला आधीच धरून ठेवतं. ३४७ मधे हेच काम नायोबियम करतं. पैसे असतील आणि टर्बाईन इनलेटचं टेम्परेचर कायम वरच्या लिमिटजवळ राहणार असेल तर टर्बोच्या आधीच्या भागाला इन्कोनेल ६२५ बघा.

आता कोणी म्हणेल ३०४एल किंवा ३१६एल घेतो, त्यात कार्बन कमीच असतो. खरंय, पण एल ग्रेडची गरम असतानाची ताकद कमी असते, डेअरीच्या लाइनला ते उत्तम, लाल तापणाऱ्या हेडरला नाही.

बडोद्याचा फायदा इथे घ्या. इथे रिफायनरी आणि केमिकल प्लांटच्या कामामुळे पीएमआय गन (धातूत काय काय आहे ते दाखवणारं यंत्र) असलेल्या लॅब आणि इन्स्पेक्शनवाले सहज मिळतात. पाईपचा तुकडा घेऊन जा, गन लावली की टायटेनियम आहे की नाही लगेच कळतं. लोहचुंबकाने ३०४ आणि ३२१ मधला फरक कळत नाही, त्या भरवशावर राहू नका. सप्लायरकडून एमटीसी (मिलचं टेस्ट सर्टिफिकेट) घ्या आणि त्यावरचा हीट नंबर (धातूच्या त्या घाण्याचा नंबर) पाईपवरच्या नंबरशी जुळवून बघा.

जाडी साधारण ०.९ ते १.२५ मिमी चालते, टर्बोच्या आधी जाड, टेलपाईपला पातळ. आणि मार्किंगसाठी पेन्सिल वापरू नका, कधीच नाही. पेन्सिलचा कार्बन तापल्यावर धातूत शिरतो आणि बरोबर त्या रेषेवर तडा येऊ शकतो. जस्ताचंही तेच, गॅल्वनाइज्ड क्लॅम्प, झिंक प्लेटिंगचे नट, ज्या ब्रशने आधी जीआय पाईप घासला तो ब्रश, हे काहीही एक्झॉस्टला लावायचं नाही. फेल्ट मार्कर वापरा, आणि स्टेनलेसचा ब्रश वेगळा ठेवा.

वेल्डिंग

वेल्डर निवडताना एक गोष्ट. मकरपुऱ्यात आणि गोरव्याला उत्तम आर्गन वेल्डर आहेत, पण बरेच जण जाड कामाचे, सहा-आठ मिलीमीटरची शेल वेल्ड करणारे. त्यांचा हात एक मिलीमीटरच्या पाईपवर तसाच बसेल असं नाही. फार्मा किंवा डेअरीच्या लाइनवर काम केलेला माणूस शोधा, आणंद इथून जवळच आहे, त्यामुळे असे वेल्डर या पट्ट्यात मिळतात. त्यांना पातळ ट्यूब आणि आतून पर्जिंग, दोन्हीची सवय असते.

पर्जिंगवर तडजोड नाही. आतून आर्गन भरला नाही तर रूटला (वेल्डच्या आतल्या बाजूला) काळी दाणेदार साखरेसारखी पापडी येते, तिथूनच तडा सुरू होतो, आणि ती पापडी सुटली की सरळ टर्बाईनच्या चाकात जाते, जे मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या घरात फिरत असतं. ३२१ ला फिलर ३४७ चा घ्या, कारण ३२१ च्या फिलरमधलं टायटेनियम आर्कमधे बरंचसं जळून जातं.

क्रम असा ठेवा. फ्लँज इंजिनवर बोल्ट करा, किंवा खरं तर जुन्या सिलिंडर हेडच्या किंवा जाड प्लेटच्या जिगवर करा. पाईप फिट करा, पाईपमधे कुठेही ओढून-ताणून जुळवायचं नाही, हाताने सोडला तरी जागेवर बसला पाहिजे. मग टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) मारा. इंजिनवर टॅक मारणार असाल तर अर्थ क्लॅम्प टॅकच्या अगदी शेजारी त्याच पाईपवर लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाईल, आणि इलेक्ट्रॉनिक इंजिन असेल तर ईसीयूचे (इंजिनच्या कंट्रोल कॉम्प्युटरचे) कनेक्टर काढून ठेवा. पूर्ण वेल्डिंग मात्र जिगवर फ्लँज आवळून करा आणि थंड होईपर्यंत सोडू नका. नंतर प्रत्येक फ्लँज सरफेस प्लेटवर ठेवून फीलर गेज फिरवा. वाकलेला फ्लँज गॅस्केट आणि टॉर्कने सरळ होईल असं समजून पुढे जाऊ नका, फेस करून घ्या. ब्रॅकेट थेट पाईपवर वेल्ड करायचा तर खाली पॅच द्या आणि पॅचचे कोपरे गोल करा.

ईजीटी (एक्झॉस्ट गॅस टेम्परेचर) प्रोबचं भोक पाडताना लक्षात ठेवा की टर्बोच्या आधी लावलेल्या प्रोबचं टोक तुटलं तर ते टर्बाईनमधेच जाणार आहे. चांगल्या प्रतीचा प्रोब घ्या आणि दरवर्षी काढून बघा, टोक झिजलेलं दिसलं की बदला.

व्ही-बँड क्लॅम्प, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

टर्बोच्या मागे टेलपाईप धरणारा व्ही-बँड क्लॅम्प (आत व्ही आकाराचे तुकडे असलेला पट्टीचा क्लॅम्प) हा या सगळ्या सिस्टिममधला सगळ्यात धोकादायक तुकडा आहे असं मी मानतो. तो सुटला की टेलपाईप गळून पडतो किंवा बाजूला सरकतो, आणि टर्बाईनमधून निघणारा पूर्ण गॅस थेट फायरवॉलकडे. सर्टिफाइड विमानांमधेही यामुळे आगी लागल्यात, माणसं गेलीयेत, आणि शेवटी अमेरिकेच्या एफएएने (तिथल्या विमान वाहतूक अथॉरिटीने) २०२३ मधे टर्बो पिस्टन विमानांवरच्या स्पॉट-वेल्ड केलेल्या, अनेक तुकड्यांच्या टेलपाईप क्लॅम्पला ५०० तासांचं आयुष्य ठरवून दिलं. होमबिल्टला तो आदेश लागू होत नाही म्हणून सोडून देऊ नका, क्लॅम्प तोच, टर्बो तोच, गॅस तोच. लॉगबुकमधे क्लॅम्पचे तास वेगळे लिहा आणि ५०० ला फेकून द्या, चांगला दिसत असला तरी.

बसवताना आधी क्लॅम्प न लावता टेलपाईप जागेवर धरून बघा. दोन्ही फ्लँज हाताने समांतर जुळले पाहिजेत. क्लॅम्प आवळून फट बंद करायची ही सवय सगळ्यात वाईट, कारण मग क्लॅम्प सील करायच्या ऐवजी पाईप वाकवायचं काम करत बसतो. फ्लँजची खाच स्वच्छ, कार्बन नाही, खड्डा नाही. क्लॅम्प चढवताना गरजेपेक्षा जास्त फाकवू नका. नट नवा, पूर्ण धातूचा लॉकिंग नट, नायलॉनवाला इथे चालत नाही. टॉर्क क्लॅम्प बनवणाऱ्याने जो दिला आहे तोच, अंदाजाने नाही, आणि टॉर्क देताना प्लास्टिकच्या हातोडीने क्लॅम्पच्या भोवती हलके ठोके देत जा, बँड सगळीकडे सारखा बसतो, मग परत टॉर्क. पहिल्या रननंतर पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा तपासा.

वार्षिक तपासणीला क्लॅम्प काढायचाच, जागेवर टॉर्च मारून बघणं पुरेसं नाही. काढून स्वच्छ करा, दहा पट भिंग घ्या. आतल्या व्ही तुकड्यांच्या कोपऱ्याच्या गोलाईत तडा आहे का, स्पॉट वेल्डभोवती बारीक रेषा किंवा खड्डा आहे का, आणि बाहेरच्या पट्टीवर आडवी छोटी स्टीलची पट्टी ठेवून बघा, बँड सपाट आहे की वाटीसारखा वळलाय. वळलेला असेल तर तो ओव्हरटॉर्क झालाय किंवा तापून ताणलाय, बदला. टी-बोल्ट वाकलेला असेल तरी बदला. इथे रिपेअर नावाची गोष्ट नाही, क्लॅम्पला वेल्डिंग करून परत लावायचा विचारसुद्धा नको.

टेलपाईप लांब असेल तर त्याला इंजिनवरून वेगळा आधार द्या, म्हणजे त्याचं लोंबतं वजन या एका क्लॅम्पवर येणार नाही.

फायरवॉल, शील्ड आणि रॅप

फायरवॉल स्टेनलेसची ठेवा, त्यातून जाणारी प्रत्येक वायर आणि केबल स्टीलच्या फिटिंगमधून आणि फायर रेटेड सीलंटने बंद. टर्बोसमोर स्टेनलेसचं शील्ड हवेची फट ठेवून लावा, शील्ड पाईपला चिकटलं तर उपयोग नाही. फ्युएल आणि ऑइलच्या होजवर फायरस्लीव्ह घाला आणि त्यांचा रूट शक्यतो एक्झॉस्टच्या वरून नेऊ नका, गळालं तर कुठे पडेल हे बघून ठरवा.

एक्झॉस्टला गुंडाळायची ग्लास किंवा बेसाल्टची पट्टी मला पसंत नाही. ती धातूचं टेम्परेचर वाढवते, ओल धरते आणि तडा झाकते. शील्ड काढून खाली बघता येतं, पट्टी कोण दर वेळी सोडणार.

कंपोझिट काउलिंग असेल तर आतून टेम्परेचर स्ट्रिप चिकटवा, त्या एकदा रंग बदलला की परत येत नाहीत. काउलिंग, फायरवॉल, होज, मॅग्नेटो, सगळीकडे लावा. बडोद्यात मे महिन्यात हवाच चाळिशीच्या वर असते, तेव्हा ग्राउंड रननंतर बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी काउलिंगच्या आतलं टेम्परेचर सगळ्यात वर जातं. रूम टेम्परेचरला क्युअर केलेलं साधं इपॉक्सी १०० अंशांच्या आतच मऊ पडायला लागतं, हे विसरू नका.

केबिन हीटसाठी टेलपाईपवर मफ (पाईपभोवती बसवून हवा गरम करणारं आवरण) बसवायचा मोह टाळता आला तर टाळा. वीस हजार फुटांवर स्टँडर्ड टेम्परेचर उणे पंचवीसच्या आसपास असतं, त्यामुळे हीट लागेल हे मान्य, पण वॉटर कूल्ड इंजिन असेल तर कूलंटवरचा हीटर लावा. मफ लावलाच तर दर तपासणीला काढून खालचा पाईप बघायचा. आणि कार्बन मोनॉक्साइडचा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर, आकडा दाखवणारा, केबिनमधे हवाच. रंग बदलणारं स्टिकर पुरेसं नाही, कारण हा गॅस आधी विचार करायची ताकद घालवतो आणि त्या वेळी स्टिकरकडे बघायचं सुचत नाही.

तपासणी कशी करायची

पहिले काही तास प्रत्येक उड्डाणानंतर काउलिंग काढा, मग २५ तासांनी, आणि त्यापेक्षा लांबवू नका असं माझं मत. नुसत्या डोळ्यांनी बरंच कळतं. लेडवालं पेट्रोल असेल तर गळतीच्या जागी पांढुरकी, राखाडी किंवा पिवळट-तपकिरी रेष दिसते, लेड नसेल तर काजळी. जिथे वेल्डची कड आहे, दोन पाईप मिळतात, फ्लँजचा मान आहे, ब्रॅकेट आहे, तिथे बोटाने आणि आरशाने बघा. पाईप कुठे फुगलेला वाटतोय का, तेही.

नंतर प्रेशर टेस्ट. इग्निशन बंद, मॅग्नेटोची वायर ग्राउंड झालेली आहे हे खात्रीने बघून, आणि तरीही प्रॉपच्या कक्षेत कोणी उभं राहायचं नाही. व्हॅक्यूम क्लीनरची हवा सोडणारी बाजू टेलपाईपला जोडा, भोवती कापड किंवा टेप लावून, आणि साबणाचं पाणी सगळ्या जॉइंटवर मारा. स्लिप जॉइंटला थोडे बुडबुडे येणारच, पण वेल्डवर किंवा पाईपच्या अंगावर एक बुडबुडासुद्धा नको. कॉम्प्रेसर थेट लावू नका, प्रेशर जास्त होतं.

शंका असलेल्या जागी डीपी (डाय पेनिट्रंट, रंग भरून तडा शोधायची) टेस्ट करा. इथे लॅबवाल्याला सांगा की कमी क्लोराइडचं पेनिट्रंट आणि क्लीनर हवंय, स्टेनलेससाठी क्लोराइड वाईट, ते इथल्या लोकांना लगेच कळतं कारण प्लांटच्या कामातही तीच अट असते. टेस्टच्या आधी शॉट ब्लास्ट किंवा जोरात वायर ब्रश नको, धातू पसरून तड्याचं तोंड बंद होतं आणि रिपोर्ट क्लिअर येतो. तडा सापडला तर टोकाला भोक पाडून थांबवणं हा एक्झॉस्टसाठी उपाय नाही. तडा का आला ते आधी शोधा, कोणता जॉइंट जाम झाला, कोणता हँगर ओढतोय, नाहीतर नुसतं वेल्ड केलं की शेजारीच पुढचा तडा येतो.

वेस्टगेट हाताने हलवून बघा, कार्बनने अडकतो. टर्बोच्या शाफ्टचा प्ले बघा, आणि ऑइल रिटर्नची लाइन उतारावर आहे ना, टर्बोखाली ऑइल साचत नाही ना. बंद करायच्या आधी तीन ते पाच मिनिटं आयडलवर चालवा, नाहीतर बेअरिंगमधलं ऑइल जळून कोळसा होतं.

हवेत असताना

एक आकडा पहिल्यापासून वहीत लिहीत जा, फुल थ्रॉटलला ठरलेलं मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) किती फुटांपर्यंत टिकतं. टर्बाईनच्या आधी कुठेही गळती सुरू झाली की ती उंची हळूहळू खाली यायला लागते, कारण वेस्टगेट पूर्ण बंद होऊनही टर्बाईनला पुरेसा गॅस मिळत नाही. आवाजाच्या कितीतरी आधी हे कळतं, आणि वहीतल्या आकड्यांशिवाय कळत नाही.

आणि मॅनिफोल्ड प्रेशर अचानक पडलं तर. थ्रॉटल पुढे ढकलून ते परत आणायचा प्रयत्न करू नका. कदाचित इनलेटचा एखादा होज निघाला असेल, तेव्हा मिक्श्चर फार रिच होऊन इंजिन बंद पडू शकतं आणि लीन केल्यावर परत चालतं. पण वरून तुम्हाला होज निघाला की टेलपाईप सुटला हे दिसत नाही, म्हणून आग लागू शकते असंच धरायचं. विमान उडत राहील इतकीच कमीतकमी पॉवर ठेवा, केबिन हीट बंद करा, डिटेक्टरचा आकडा बघा आणि जवळच्या जवळ जिथे उतरता येईल तिथे उतरा, ठरलेल्या ठिकाणापर्यंत जायचं नाही. धूर किंवा ज्वाळा दिसली तर फ्युएल बंद. उतरल्यावर इंजिन चालतंय, सगळं नीट वाटतंय म्हणून पुन्हा उडू नका, काउलिंग काढून क्लॅम्पपासून सुरुवात करा.